खाटेच्या उशाशी एक कागद



रुग्णालयात आपल्या माणसाच्या उशाशी बसून रात्र काढण्याचा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांवर कधी ना कधी आलेला असतो. सकाळ होते आणि राउंडची गडबड सुरू होते. पुढे मोठे डॉक्टर, त्यांच्यामागे निवासी डॉक्टर, त्यांच्यामागे वह्या सावरणारे विद्यार्थी. 'सात नंबरचे सोडियम किती आले?' 'तेराची लघवीची नळी आज काढा.' या बोलण्यात दुष्टपणा मुळीच नसतो. कामाच्या घाईत भाषा आखूड होते, इतकेच. तरीही ऐकणाऱ्याच्या मनात काहीतरी टोचते. कारण सात नंबरच्या खाटेवर सोडियम झोपलेले नसते, तेथे आपली आई झोपलेली असते.

माझी आई एक्क्याऐंशीव्या वर्षी न्यूमोनियाने रुग्णालयात दाखल झाली होती. दुसऱ्या रात्रीनंतर तिच्या कागदांवर नोंद आली, की रुग्ण गोंधळलेली आहे, प्रश्नांना उत्तरे देत नाही. आम्ही घाबरलो. तिसऱ्या दिवशी एक विद्यार्थिनी तिच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसली, तिच्या कानाशी वाकून सावकाश बोलली आणि मग मला विचारले, ''घरी आजी कानाला यंत्र लावतात का?'' यंत्र होते. चष्माही होता. हरवू नये म्हणून या दोन्ही वस्तू मीच माझ्या पर्समध्ये घालून घरी नेल्या होत्या! तापामुळे थोडा गोंधळ होताच. पण उरलेला गोंधळ माझ्या पर्समध्ये होता. चूक आमची होती. मात्र ती ज्या प्रश्नामुळे उघडकीस आली, तो प्रश्न तपासणीच्या यादीत नव्हता. समोरच्या वृद्धेकडे माणूस म्हणून पाहणाऱ्या मुलीला तो सुचला होता.

असे प्रश्न सुचणे ही केवळ स्वभावाची देणगी आहे, की ती शिकवता येते, जोपासता येते, तिचा गौरव करता येतो? या प्रश्नाचा शोध घेताना अमेरिकेतील वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या एका सन्मान-संस्थेच्या कार्याशी माझा परिचय झाला. आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे त्या देशात आहेत. काहींनी तेथील रुग्णालये अनुभवलीही असतील. त्या संस्थेचे उपक्रम साधे आहेत आणि त्यांतील एक तर आपण आज संध्याकाळी आपल्या घरात करू शकतो. म्हणून आजचा हा लेख.

गुणांचा सन्मान आणि गुणवत्तेपलीकडचा सन्मान

हुशार विद्यार्थ्यांचा गौरव करणाऱ्या संस्था अमेरिकेत जुन्या आहेत. वैद्यकीय शिक्षणातील सर्वांत प्रसिद्ध संस्था म्हणजे 'अल्फा ओमेगा अल्फा'. १९०२ साली शिकागो येथे विल्यम रूट या विद्यार्थ्याने आपल्या सहाध्यायांसह ती स्थापन केली. त्या काळी वैद्यकीय शिक्षणाचा दर्जा अनेक ठिकाणी यथातथाच होता. विद्यार्थ्यांनीच प्रामाणिकपणाचा आणि अभ्यासाचा आग्रह धरावा, हा त्यामागील हेतू. 'दुःखितांची सेवा करण्यास पात्र व्हा' अशा आशयाचे तिचे ब्रीदवाक्य आहे. तिच्या निवडीत परीक्षेतील यशाला परंपरेने मोठे स्थान राहिले.

त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, २००२ साली, दुसरी एक संस्था उभी राहिली. तिचे नाव 'गोल्ड ह्यूमॅनिझम ऑनर सोसायटी'. आज दीडशेहून अधिक वैद्यकीय महाविद्यालयांत तिच्या शाखा आहेत. तिच्या नावातील 'गोल्ड' म्हणजे सोने नव्हे. डॉ. अर्नोल्ड गोल्ड हे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील बालमेंदूविकारतज्ज्ञ होते. तरुण डॉक्टर रुग्णांचा उल्लेख नावाने न करता आजाराच्या नावाने करू लागले आहेत, हे त्यांना खटकले. विज्ञान वाढत आहे आणि माणूस मागे पडत आहे, या जाणिवेतून त्यांनी व त्यांच्या पत्नी सँड्रा यांनी १९८८ मध्ये एक प्रतिष्ठान स्थापन केले. १९९३ साली या प्रतिष्ठानाने कोलंबिया येथे 'श्वेतकोट समारंभ' सुरू केला. वैद्यकीय शिक्षणाच्या उंबरठ्यावरच विद्यार्थ्याला पांढरा कोट चढवायचा आणि रुग्णसेवेची शपथ घ्यायची, असा हा समारंभ. ही प्रथा पुढे दूरवर पसरली. आपल्याकडील अनेक महाविद्यालयांतही ती आता दिसते. डॉ. गोल्ड २०१८ मध्ये निवर्तले.

या संस्थेत प्रवेश कसा मिळतो, हे जाणून घेण्यासारखे आहे. गुणपत्रिकेने निवडीला प्रारंभ होत नाही. वर्गातील सहाध्यायांनाच विचारले जाते: तुमच्या जिवलग माणसाला आजारपण आले, तर तुमच्यापैकी कोणाच्या हाती त्याला सोपवाल? कोण नीट ऐकून घेतो? कोणाच्या शब्दावर विसंबता येते? अशा प्रश्नांवर जी नावे पुन्हापुन्हा पुढे येतात, त्यांतून साधारणपणे वर्गातील दहा ते पंधरा टक्के विद्यार्थ्यांची निवड होते. परीक्षकाला फसवता येते, वाचकहो. पण रात्रपाळीत बरोबर राबलेल्या मित्राला फसवणे कठीण असते.

शाखा वर्षभर काय करते?

निवड झाली, बिल्ला मिळाला, की काम संपले असे होत नाही. प्रत्येक शाखेने आपल्या महाविद्यालयात आणि रुग्णालयात काही उपक्रम राबवावेत, अशी अपेक्षा असते. त्यांपैकी एकाच्या मागे एक करुण घटना आहे.

८ जानेवारी २०११ रोजी ॲरिझोना राज्यातील टूसॉन येथे एका सार्वजनिक भेटीच्या कार्यक्रमात गोळीबार झाला. सहा जण मृत्युमुखी पडले आणि लोकप्रतिनिधी गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्या डोक्याला गोळी लागली. रुग्णालयात त्यांच्यावर सर्वप्रथम उपचार करणाऱ्यांत डॉ. रँडल फ्रीस हे शल्यचिकित्सक होते. आपण केलेल्या महत्त्वाच्या गोष्टींपैकी एक म्हणून त्यांनी पुढे ज्या कृतीचा उल्लेख केला, ती शस्त्रक्रिया नव्हती. त्यांनी गिफर्ड्स यांचा हात हातात घेतला होता आणि 'तुम्ही रुग्णालयात आहात, आम्ही तुमची काळजी घेऊ' अशा अर्थाचा धीर दिला होता. या प्रसंगातून स्फूर्ती घेऊन त्याच वर्षी फेब्रुवारीत रुग्णांप्रति आत्मीयता व्यक्त करणारा एक दिवस पाळला गेला. पुढे त्याचा आठवडा झाला. त्या आठवड्यात विद्यार्थी खाटाखाटांशी जातात, रुग्णांशी आजाराव्यतिरिक्त गप्पा मारतात, शुभेच्छापत्रे देतात.

दुसरा उपक्रम निवासी डॉक्टरांचे आभार मानण्याचा. थकलेल्या माणसाकडून मृदू शब्दांची अपेक्षा करायची, तर त्याच्याही पाठीवर कोणीतरी हात ठेवला पाहिजे, हे भान त्यात आहे.

तिसऱ्या उपक्रमाचे नाव 'टेल मी मोअर'. आपल्या मराठीत म्हणायचे, तर 'अजून सांगा ना!' विद्यार्थी रुग्णाजवळ बसतो आणि तीन-चार साधे प्रश्न विचारतो. तुमचे स्नेही तुमचे वर्णन कसे करतील? तुमचे बळ कशात आहे? आयुष्यात तुम्हाला सर्वांत मोलाचे काय वाटले? उत्तरे रुग्णाच्या संमतीने एका मोठ्या कागदावर लिहिली जातात आणि तो कागद खाटेच्या उशाशी भिंतीवर लावला जातो. त्यावर आजाराचे नाव नसते. मग पहाटे रक्त घ्यायला येणारा तंत्रज्ञ, दुपारची परिचारिका, सायंकाळचा डॉक्टर, असा जो कोणी त्या खोलीत शिरतो, त्याला नळ्या आणि यंत्रे दिसतातच, पण तो कागदही दिसतो. या गृहस्थांनी बाग फुलवली आहे, या बाईंना बुद्धिबळ आवडते, हे त्याला कळते आणि संभाषणाला एक दार उघडते.

येथे एक शंका कोणीही घेईल. दयाबुद्धीलाही बिल्ला कशाला हवा? माणुसकी हा डॉक्टरचा धर्मच नव्हे काय? शंका रास्त आहे. सन्मानासाठी केलेली सेवा ही नाटक होण्याचा धोका असतो, हेही खरे. तथापि दुसरी बाजू पाहावी. ज्या गोष्टीला गुण मिळतात, तीच विद्यार्थी मन लावून शिकतो, हा शिक्षणक्षेत्रातील जुना अनुभव आहे. हृदयाचे ठोके अचूक ऐकणाऱ्याला पदक आणि माणसाचे बोलणे ऐकणाऱ्याला केवळ 'स्वभावाने चांगला' हे प्रशस्तिपत्र, असा भेद वर्षानुवर्षे चालला, तर वर्गाला त्यातून जो धडा मिळायचा तो मिळतोच.

हे केवळ सौजन्य नव्हे, उपचारही आहे

ज्येष्ठ रुग्णांच्या बाबतीत तर या 'अजून सांगा ना' वृत्तीला वैद्यकीय महत्त्व आहे. जुनी माणसे 'तापात वात झाला' असे म्हणत. वैद्यकशास्त्र त्याला डिलिरियम म्हणते. वृद्ध माणूस रुग्णालयात दाखल झाला, की काही तासांत वा एक-दोन दिवसांत त्याचे भान अचानक विस्कटते. तो दिवस-रात्र विसरतो, असंबद्ध बोलतो, कधी आरडाओरडा करतो, तर कधी अगदीच मलूल पडून राहतो. सकाळी बरा, संध्याकाळी बिघडलेला, असा चढउतार हे त्याचे लक्षण. स्मृतिभ्रंश महिनोन्महिने सावकाश वाढतो. हा मात्र अचानक उद्भवतो. जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे, लघवी किंवा शौच तुंबणे, वेदना, झोपमोड, काही औषधे ही त्याची नेहमीची कारणे. त्यात चष्मा आणि श्रवणयंत्र जवळ नसेल, तर माणूस आणखीच भरकटतो.

अमेरिकेतील येल येथील संशोधकांनी १९९९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. सत्तर वर्षांवरील ८५२ रुग्णांचा त्यात समावेश होता. ज्यांना नेहमीची शुश्रूषा मिळाली, त्यांच्यापैकी १५ टक्के रुग्णांना डिलिरियम झाला. ज्यांच्यासाठी विशेष योजना राबवली, त्यांच्यात हे प्रमाण ९.९ टक्के होते. या योजनेत महागडे औषध नव्हते. तारीख-वारांची आठवण करून देणे, गप्पा मारणे, वेळेवर पाणी पाजणे, लवकर चालते करणे, रात्री शांत झोप लागेल असे पाहणे, चष्मा व श्रवणयंत्र वापरात ठेवणे, अशी ती कामे होती. आणि त्यांतील पुष्कळशी प्रशिक्षित स्वयंसेवकांनी केली होती.

म्हणूनच डॉक्टरांना एक माहिती मिळणे अत्यावश्यक असते: हा माणूस एरवी कसा असतो? 'बाबा काल सकाळपर्यंत पेपर वाचत होते, औषधाच्या गोळ्या स्वतः मोजून घेत होते,' हे एक वाक्य कधी कधी मोठ्या तपासणीइतके उपयोगी पडते. ते न कळल्यास 'वय झाले, असे होणारच' या समजुतीखाली उपचार करता येण्यासारखा बिघाड झाकला जातो. आपल्या माणसात असा अचानक बदल दिसला, तर संकोच न करता त्याच क्षणी परिचारिकेला वा डॉक्टरांना सांगावे.

आपल्या घरचा कागद

आता मूळ मुद्द्याकडे येते. आपल्याकडील रुग्णालयात कोणी विद्यार्थी असा कागद घेऊन येईल, याची वाट पाहण्याचे कारण नाही. घरी सर्व जण स्वस्थ असतानाच तो लिहून ठेवावा आणि रुग्णालयाच्या पिशवीत, जुन्या रिपोर्टांच्या फायलीवर ठेवावा. ठळक अक्षरांत, एका पानात मावेल इतकाच. त्यात पुढील गोष्टी असाव्यात:

– मला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते.
– मी कोणती भाषा सहज बोलतो वा बोलते.
– ऐकणे, पाहणे, दात: श्रवणयंत्र कोणत्या कानाला, चष्मा कशासाठी, कवळी आहे काय.
– एरवी माझे कसे चालते: चालणे, जेवण, स्मरण, व्यवहार.
– झोपेच्या सवयी. दिवा लागतो काय, रात्री किती वेळा उठावे लागते.
– मला कशाने शांत वाटते आणि कशाने भीती वाटते.
– मी आयुष्यात काय केले. मला कशाचा अभिमान वाटतो.
– माझ्यासाठी सर्वांत महत्त्वाचे काय आहे.

औषधांची यादी, ॲलर्जी, आजारांची नोंद वेगळ्या कागदावर ठेवावी. ती डॉक्टरांच्या हाती द्यायची असते, भिंतीवर लावायची नसते. पत्ता, दूरध्वनी, पैशांविषयीची माहितीही या उघड्या कागदावर नसावी. तो लावण्यापूर्वी परिचारिकेची अनुमती घ्यावी.

आणि काळजी घेणाऱ्या वाचकांना एक कळकळीची विनंती: हा कागद आपण मनाने लिहू नका, त्यांना विचारून लिहा. हे मी अनुभवाने सांगते. आई घरी आल्यावर मी मोठ्या उत्साहाने कागद घेऊन बसले. 'निवृत्त शिक्षिका, धार्मिक वृत्ती, नातवंडांत रमते' असे लिहूनही टाकले. आईने चष्मा लावून ते वाचले आणि म्हणाली, ''अगं, हे कोणाचं लिहिलंस?'' मग तिने सांगितले. पहिली ओळ: 'मला आजी म्हणू नका, बाई म्हणा.' बत्तीस वर्षे शाळेत तिला सगळे 'बाई' म्हणत होते. रुग्णालयात सर्वांनी प्रेमानेच 'आजी, आजी' केले, आणि ही दुसऱ्याच कोणाला हाक मारत आहेत असे तिला तापात वाटत राहिले. दुसरी ओळ: 'मला गणित आवडते. झोप आली नाही की मी पाढे म्हणते. ते बरळणे नव्हे.' मी पन्नास वर्षे तिची मुलगी आहे, वाचकहो, आणि या दोन्ही गोष्टी मला ठाऊक नव्हत्या.

कित्येकांना 'आजी', 'आजोबा', 'काका' ही हाक मायेची वाटते. त्यात वावगे काहीच नाही. मुद्दा इतकाच, की विचारल्याशिवाय कळत नाही.

विद्यार्थी खाटेजवळ आला, तर

आपल्याकडेही वारे बदलत आहे. २०१९ पासून भारतातील एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद या विषयांना रीतसर स्थान मिळाले. त्यानंतर आलेल्या 'कुटुंब दत्तक' उपक्रमात विद्यार्थी नेमून दिलेल्या कुटुंबांकडे जाऊन त्यांच्या आरोग्याची विचारपूस करतात. महाविद्यालयाशी संलग्न रुग्णालयात दाखल झाल्यास आपल्या खाटेपाशीही विद्यार्थी येतीलच.

त्यांचा कंटाळा येणे स्वाभाविक आहे. तोच इतिहास चौथ्यांदा सांगायचा कोणी? थकवा असेल, तपासू देण्याची इच्छा नसेल, तर नम्रपणे नकार देण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. पण अंगात त्राण असेल, तर त्यांना बसवून घ्या. साऱ्या रुग्णालयात ज्यांच्यापाशी थोडा निवांत वेळ असतो, असे तेच असतात. त्यांना आपले नाव सांगा, त्यांचे विचारा. आजार सांगून झाला, की आपण कोण आहोत हेही दोन वाक्यांत सांगा. त्यांनी नीट ऐकले, तर तसे मोकळेपणाने बोलून दाखवा, शक्य तर त्यांच्या वरिष्ठांसमोर. आपल्याकडे तशी सन्मान-संस्था नसेल. पण चांगल्या वागणुकीची नोंद घेणारा रुग्ण असू शकतो, आणि तरुण मनावर त्याचा ठसा बिल्ल्यापेक्षा कमी उमटत नाही.

आईला तपासणाऱ्या त्या विद्यार्थिनीचे नाव विचारायचे मात्र आमच्याकडून राहून गेले. नावाने हाक मारण्याचे महत्त्व आज आपल्याला सांगताना ही चुटपुट मनात आहेच. पुढच्या वेळी तसे होणार नाही, असे आईने मला बजावले आहे.

तेव्हा, आज दिवेलागणीला एक कोरा कागद काढा. घरातील ज्येष्ठांजवळ बसा. आपणच ज्येष्ठ असाल, तर मुलांना जवळ बोलवा. आणि पहिला प्रश्न तेवढा विचारा: आम्हाला ठाऊक नसलेले असे काही, अजून सांगा ना!